इलेक्ट्रिक गाडीचा बनवलेला आवाज: नाशिकमध्ये सात महिने वापरून

मार्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली, साडेनऊ हजार किलोमीटर झाले. रेंज, चार्जिंग, बॅटरी यावर लिहिणारे भरपूर आहेत म्हणून मी फक्त एका गोष्टीवर लिहितोय जिच्याबद्दल घेताना मला कोणीच धड सांगितलं नाही, ती म्हणजे गाडीचा आवाज. म्हणजे कंपनीने बनवून स्पीकरमधून सोडलेला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की सगळी चर्चा कंपनीवर जाते आणि आवाज बाजूला राहतो, आणि यातलं बरंचसं कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला लागू पडतं.

मुळात आवाज दोन असतात हे आधी लक्षात घ्या. एक बाहेरचा, रस्त्यावरच्या माणसांसाठी, आणि एक आतला, चालवणाऱ्यासाठी. शोरूममध्ये मला दोन्ही एकाच दमात दाखवले, हा बघा सर स्पोर्ट साउंड, हा बघा बाहेरचा साउंड, हा नको असेल तर इथून बंद, झालं. म्हणजे एक आवाज कुणाचा जीव वाचवू शकतो आणि दुसरा हौसेचा आहे, हे सांगायचं राहूनच गेलं.

बाहेरच्याला एव्हास (AVAS) म्हणतात, म्हणजे रस्त्यावरच्यांना गाडीची चाहूल देणारी यंत्रणा. पुढच्या बंपरच्या आत एक छोटा स्पीकर असतो, गाडी हलली की वाजायला लागतो आणि माझ्या गाडीत साधारण २० च्या स्पीडला आपोआप विरतो. आवाज कसा आहे सांगायचं तर पिठाची गिरणी चालू करताना पट्टा फिरायला लागतो ना, दळण पडायच्या आधीचा जो चढत जाणारा घूं असतो, तसा काहीसा. २० नंतर गरज का नाही, तर तोपर्यंत टायरचा रस्त्यावर घासायचा आवाजच पुरेसा होतो. त्याच्या खाली मात्र इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकं लावलेलं मांजर, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये गाडी २० च्या वर जातेच कुठे.

माझ्या मामांचं घर पंचवटीत आहे, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. तिथल्या गल्लीत बाहेरगावहून आलेले यात्रेकरू रस्त्याच्या मधोमध चालतात, वर बघत, पाट्या वाचत. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तिकडे गेलो तेव्हा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी बाहेरचा आवाज बंद केलेला होता (ते प्रकरण पुढे सांगतो). एक आजी हातात तांब्या घेऊन माझ्या पुढे चालत होत्या, मी त्यांच्या मागे चालण्याच्या स्पीडने, हॉर्न देऊन दचकवायला नको म्हणून शांतपणे थांबत थांबत. त्या एकदम डावीकडे वळल्या आणि बॉनेटवर हात टेकला त्यांचा. लागलं काही नाही, स्पीड तीन-चार असेल. पण त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. म्हणाल्या, "बाळा, आवाज तरी करायचा रे." त्या दिवशी आवाज चालू केला, नंतर कधी बंद केला नाही.

घरी येऊन मग नियम काय आहेत ते वाचत बसलो. संयुक्त राष्ट्रांचं १३८ नंबरचं रेग्युलेशन आहे, २०१६ पासूनचं. त्यात गाडी १० च्या स्पीडला कमीत कमी ५० डेसिबल आणि २० ला ५६ डेसिबल असा आवाज हवा, रिव्हर्सला ४७, आणि वर ७५ ची मर्यादा. मला सगळ्यात आवडलेला भाग असा की नुसता आवाज असून चालत नाही, स्पीड वाढेल तसा सूर चढला पाहिजे, म्हणजे न बघता ऐकणाऱ्याला कळतं की गाडी येतेय, जोरात येतेय की थांबतेय. शिवाय आवाजाचा एक भाग १६०० हर्ट्झच्या आत असावा लागतो, आणि हे बरोबरच आहे कारण वय झालं की आधी वरचे बारीक आवाज ऐकू यायचे कमी होतात. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड कारला हे सक्तीचं आहे, अमेरिकेत २०१० चा कायदा आहे आणि त्याच्यामागे अंध लोकांच्या संघटनांनी लावून धरलेली मागणी होती. आपल्याकडे सातपूरला नॅबचं, म्हणजे अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, काम चालतं, त्र्यंबक रोडला पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघतोय. ती माणसं कानाने रस्ता बघतात हो. त्यांच्यासाठी आवाज नसलेली गाडी म्हणजे नसलेली गाडी.

भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढलाय, त्यात १ ऑक्टोबर २०२६ पासून नव्या मॉडेल्सना आणि १ ऑक्टोबर २०२७ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सनाही हे सक्तीचं करायचं म्हटलंय. चांगलं आहे, पण नाशिककर म्हणून माझ्या दोन तक्रारी आहेत. एक, आपला सिंहस्थ २०२७ चा, मोठी स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे गोदाघाटावर सगळ्यात जास्त माणूस पायी चालत असेल तेव्हा ही दुसरी तारीख उजाडलेलीच नसेल. दुसरी, मसुदा कार, बस, ट्रक यांच्यापुरता आहे, इलेक्ट्रिक स्कूटर आणि ई-रिक्षा त्यात नाहीत. आणि पंचवटीत, दहीपुलावर, भांडी बाजारात कार किती जातात आणि स्कूटर किती जातात ते कुणीही उभं राहून मोजावं.

आता माझ्या गाडीचा बाहेरचा आवाज कसा आहे. सकाळी सहाला कॉलनीत एकदम स्पष्ट, पन्नास फुटांवरून कळतं. रविवार कारंजावर संध्याकाळी सातला काहीच ऐकू येत नाही, मी बायकोला बाहेर उभं करून बघितलं, तिला गाडी अगदी बाजूला आल्यावर कळली. आजूबाजूच्या गोंगाटाप्रमाणे आवाज कमी-जास्त व्हायला हवा असं मला वाटतं, माझ्या गाडीत तसं नाही. रिव्हर्सचा तर फारच बारीक आहे, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तोच जास्त लागतो कारण मागे पोरं खेळत असतात.

शेजाऱ्यांचं प्रकरण असं की मी पहाटे साडेपाचला निघतो, अंबडला शिफ्ट असते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना तो घूं ऐकून जाग यायची. त्यांचं चुकीचं नाही, नवीन आवाज कानाला टोचतो, जुन्या डिझेलचा खडखडाट वीस वर्षं ऐकून सवयीचा झालेला असतो. मी बटणाने बंद करायला लागलो, ते बटण दर वेळी गाडी चालू केली की परत ऑन होतं, मग एका अ‍ॅक्सेसरीवाल्याने सुचवलं की वायर काढून टाकू, कायमचं सुख. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पंचवटीच्या आजी भेटल्या म्हणून वायर जागेवर आहे. काकांना मी नंतर गाडीच्या पुढे उभं करून दोन्ही ऐकवलं, आवाजासहित आणि आवाजाशिवाय, त्यांच्या नातवाच्या सायकलच्या बाजूने हळू नेऊन. त्या दिवसापासून ते काही बोलले नाहीत. यूएनच्या त्या नियमाच्या सुधारित आवृत्तीत बंद करायचं बटण द्यायलाच मनाई आहे, आणि आपल्याकडेही तसंच व्हावं.

एक खरी तक्रार आहे आणि ती मोठी आहे. जुलैच्या पावसात त्या स्पीकरमध्ये पाणी गेलं आणि आवाज बंद पडला, आणि गाडीने मला सांगितलंच नाही. टायरमध्ये हवा कमी झाली तरी स्क्रीनवर पिवळा दिवा लागतो, इथे काहीच नाही. मी काच बंद करून एसीत बसलेला, मला कसं कळणार. आमच्या वॉचमनने सांगितलं, "साहेब, आठ दिवस झाले, तुमच्या गाडीचा आवाजच येईना." आठ दिवस! सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, गाडी चालतेय ना सर, मग घाई काय, पार्ट आला की फोन करतो. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी गल्लीत शिरलो की चारही काचा खाली आणि पाय ब्रेकवर. पार्ट वॉरंटीत बसला, पैसे लागले नाहीत, पण ब्रेक लाइट गेला असता तर कोणी असं बोललं असतं का?

आता आतला आवाज. माझ्या गाडीत तीन आहेत, एक अगदी हलका, एक विमानासारखा आणि एक पेट्रोल इंजिनसारखा ज्याला ते स्पोर्ट म्हणतात. आमचे नाना एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते, कसारा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला त्याचा हिशोब नाही. त्यांना पुढे बसवून मी स्पोर्ट लावून घाटात नेलं, मला वाटलं खूश होतील. दहा मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "हा आवाज काही सांगत नाही रे." मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाले, "चढावर इंजिन रडायला लागलं की गिअर खाली टाकायचा, कानाला कळायचं, काट्याकडे बघावं लागायचं नाही. हे सपाटीला जसं ओरडतं तसंच चढावर ओरडतं."

नानांचं म्हणणं मी नंतर तपासलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० हर्ट्झचा सूर, तीन सिलिंडरला तोच ७५. हा सूर इंजिन किती फिरतंय ते सांगतो आणि त्याचा जडपणा किती ओझं ओढतंय ते सांगतो, दोन्ही एकाच वेळी. माझ्या गाडीतला स्पोर्ट आवाज फक्त स्पीड आणि पाय किती दाबलाय एवढ्यावर चालतो. गिअर नाहीत म्हणून सूर एकदाच चढत जातो, मिक्सरसारखा. आणि उतारावर तर गंमतच, म्हणजे वाईट अर्थाने. उतारावर पाय काढला की मोटर उलटं काम करून गाडी धरून ठेवते आणि बॅटरी भरते, म्हणजे त्या क्षणी गाडी भरपूर राबत असते, आणि नेमका तेव्हाच आतला आवाज पूर्ण मरतो. नानांनी दोनदा विचारलं, "गाडी धरलीय का सोडलीय?" घाट उतरताना ड्रायव्हरला हाच प्रश्न पडायला नको. मला कंपनीकडून एकच आवाज बनवून हवा असेल तर तो हा, उतारावर गाडी धरतेय याचा, चढावरच्या गुरगुरण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी.

हे फक्त इलेक्ट्रिकचं नाहीये बरं का. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-५ पासून खऱ्या पेट्रोल इंजिनाचाच आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवायला सुरुवात केली, कारण केबिन इतकी बंदिस्त झाली की इंजिन ऐकूच येईना. पुढे त्यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांचे आवाज हान्स झिमरने केले, आपल्याकडे महिंद्राने ए. आर. रहमानकडून करून घेतले, आणि रिव्होल्टच्या बाइकला २०१९ मध्येच चार वेगवेगळे सायलेन्सरचे आवाज निवडायची सोय होती. ऐकायला यातलं बरंच काही सुंदर आहे. पण नाना म्हणतात त्या अर्थाने सगळ्यात पुढे मला ह्युंदाईची आयोनिक ५ एन वाटते, कारण त्यांनी आवाजासोबत आठ गिअर असल्याचा भास तयार केलाय आणि मोटरचा जोरही त्याच हिशोबाने तुटतो आणि परत येतो. म्हणजे बनवलेला असला तरी तो आवाज गाडी काय करतेय त्याच्याशी बांधलेला आहे.

माझ्या गाडीतला हलका मोड मात्र मी आता कायम ठेवतो, विशेषतः समृद्धी महामार्गावर. तिथे आवाज पूर्ण बंद ठेवला की १२० कधी ओलांडलं कळत नाही, इगतपुरीच्या लांब बोगद्यात तर नजर स्क्रीनवर ठेवूनच चालवावं लागतं, हलका आवाज असला की कान सांगतो. मुलीला गाडी लागते, तिचंही असं झालं की हा मोड चालू असला तर त्रास कमी होतो, मला वाटतं गाडी आता वेग घेणार किंवा कमी करणार हे तिला आधी कळतं. स्पोर्ट मोड मी काढून टाकला असता, पण काढता येत नाही.

तर गाडी बघायला जाल तेव्हा टेस्ट ड्राइव्हच्या आधी खाली उतरून उभे रहा, डोळे मिटा आणि सेल्सवाल्याला तुमच्या बाजूने दहाच्या स्पीडने एकदा पुढे आणि एकदा रिव्हर्स न्यायला सांगा. घरात वयस्कर कोणी असेल तर त्यांना सोबत न्या, त्यांचे कान जास्त खरं सांगतील. बाहेरचा आवाज बंद पडला तर स्क्रीनवर कळतं का हे लेखी विचारा. स्पोर्ट साउंड ऐकवायला लागला तर ऐकून घ्या आणि मग घाटाचा चढ-उतार मागा, शोरूमच्या समोरच्या सपाट रस्त्यावर काही कळत नाही.

माझ्याकडून बाहेरच्या आवाजाला पाचपैकी चार, रिव्हर्सचा आवाज आणि त्या न लागलेल्या दिव्यामुळे एक कापला. आतल्याला दोन, तेही हलक्या मोडसाठी. नानांनी एकच दिलाय.