स्टीलची रिम की अलॉय? मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्यांसाठी

गाडीचं मधलं मॉडेल घ्यायचं की वरचं, हा हिशोब मांडला की अलॉयपाशी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमपाशी, येऊन माणूस अडतोच. वरच्या मॉडेलमध्ये बाकी काही नसलं तरी चालेल, पण अलॉय पाहिजेत, असं घरातली पोरं म्हणतात. माझ्याकडे दोन्ही वापरून झाल्या. आधीच्या गाडीला अलॉय होत्या, आताच्या गाडीला स्टीलच्या रिम आहेत आणि त्या मी ठरवून घेतल्या. मी अंबाजोगाईचा. फिरणं लातूर, परळी, केज या बाजूला आणि अधूनमधून शेताकडे. तुमचं फिरणं वेगळं असेल, तर तुमचा निकालही वेगळा लागू शकतो, हे आधीच सांगतो.

स्टीलची रिम पत्र्याची असते. कमी कार्बनच्या पोलादाची पट्टी गोल वळवून जोडायची, मधली तबकडी प्रेसमध्ये दाबून काढायची आणि दोन्ही वेल्ड करायचे. अलॉय मात्र ओतीव असते. ॲल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं मॅग्नेशियम घालून तो रस साच्यात भरतात. सिलिकॉनमुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पोचतो. मॅग्नेशियममुळे पुढे तापवण्या-विझवण्यात ताकद येते. सगळा फरक या दोन रीतींमधून येतो. बिडाचा तवा हातातून पडला तर तडकतो, पत्र्याचा पडला तर चेपतो, तसंच इथेही समजा. आता ॲल्युमिनियम काही बिडाइतकं ठिसूळ नसतं, तेही थोडं वाकतं. पण पोलाद जेवढं वाकून सहन करतं, तेवढं ओतीव ॲल्युमिनियम करत नाही.

वजनाबद्दल मात्र फार ऐकू नका. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची ७.८५, म्हणून अलॉय एक तृतीयांश वजनाची असेल असं वाटतं. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांशच आहे, त्यामुळे तेवढीच मजबुती यायला धातू जाड घालावा लागतो. सारख्या मापाच्या साध्या ओतीव अलॉयमध्ये आणि स्टीलच्या रिममध्ये बऱ्याचदा किलो-दीड किलोचाच फरक राहतो, कधी तोही नसतो. ॲव्हरेज वाढेल म्हणून अलॉय घेत असाल, तर मला तरी तसा फरक कधी जाणवला नाही.

आता ज्या एका त्रासापायी माझं ठरलं, तो सांगतो.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता वर्षभरात लाटांसारखा होतो, कडा तुटतात. त्यात कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर. समोरून तसा ट्रॅक्टर आला की डावी चाकं साईडपट्टीवर उतरवावीच लागतात आणि परत चढताना डांबराची धारदार कड रिमच्या आतल्या ओठावर बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. टायर फुटत नाही, गाडी ओढत नाही. फक्त चार दिवसांनी डावं पुढचं चाक बसलेलं दिसतं. हवा भरायची, की पुन्हा चार दिवसांनी तेच. पंक्चर काढायला नेलं तर पंक्चर सापडत नाही. शेवटी चाक पाण्याच्या टाकीत फिरवल्यावर आतल्या कडेशी बारीक बुडबुड्यांची माळ उठते. टायरची कड रिमवर जिथे बसते, तिथे बोटाला लागेल न लागेल एवढा बाक आलेला असतो. ट्यूबलेस टायरला तेवढा बाक पुरतो.

हाच बाक स्टीलच्या रिमला आला, तर पंक्चरवाला टायर उतरवतो, रिमखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो, हातोडीने बेताने ठोकून कड सरळ करतो, गंज घासून काढतो आणि पुन्हा पाण्यात बुडवून दाखवतो. आपला चहा होईस्तोवर काम संपलेलं असतं. अलॉय बघितली की तोच माणूस हात मागे घेतो. "भाऊ, हिला हातोडी लावता येत नाही. तडकली तर मी कुठून भरून देऊ?" त्याचं खरंच आहे. मग अलॉय दुरुस्त करणारा शोधत मोठ्या शहरात जायचं, चाक तिथे ठेवायचं आणि तोवर स्टेपनीवर फिरायचं.

दुरुस्तीतही एक मेख आहे. ही रिम कारखान्यात ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून पाण्यात विझवलेली असते आणि मग कमी आचेवर काही तास ठेवून तिच्यात ताकद आणलेली असते. दुरुस्तीवाला गॅसची ज्योत मारून कड सरळ करतो किंवा तडा आर्गनने वेल्ड करतो, तेव्हा त्या जागची ती ताकद उतरते. वरून रंग मारला की नवी दिसते, पण धातू तेवढ्या पट्ट्यात मऊ पडलेला असतो. माझी सरळ करून आणलेली रिम पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा बाकली. कडेचा हलका बाक असेल तर एकदा दुरुस्त करून वापरा, हरकत नाही. पण आऱ्याला किंवा नटांच्या भोकांजवळ तडा गेला असेल, तर ती रिम भंगारातच द्या. हे स्टीललाही लागू आहे. नटांजवळ चिरलेली तबकडी वेल्ड करून कुणी देत असेल, तर घेऊ नका.

आणखी एक वैताग म्हणजे एक रिम गेली की तशीच दुसरी मिळत नाही. डिझाईन दोन-तीन वर्षांत बदलतं, मग तीन एक तऱ्हेच्या आणि एक दुसरीच. स्टीलची रिम काळी ती काळीच, वर टोपी लावली की विषय संपला.

अलॉयच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ओतल्यानंतर ती मशीनवर कातून काढतात, त्यामुळे गोलाईला अचूक असते. समृद्धीवर शंभराच्या पुढे काटा गेला की अलॉयवर स्टेअरिंग शांत राहायचं, हे मी मान्य करतो. ठोकून सरळ केलेली स्टीलची रिम कधीच तेवढी गोल होत नाही, बॅलन्सिंगला शिशाची वजनं वाढत जातात. चिखलाच्या बाबतीतही अलॉय सोयीची. शेतातून आल्यावर काळी माती रिमच्या आत वाळून बसते आणि सत्तर-ऐंशीवर स्टेअरिंग थरथरू लागतं. अलॉयच्या आऱ्यांतून हात घालून ती माती खरवडता येते, स्टीलच्या बारक्या भोकांतून पाण्याचा जोरदार फवाराच मारावा लागतो. गंज हा स्टीलचा जुना दोष आहे, पण आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही. टायर बदलताना कड घासून रंगवून घेतली की पुष्कळ वर्षं निघतात. देखणेपणात तर तुलनाच नाही.

घडीव अलॉयबद्दल विचाराल, तर ती दाबून घडवलेली असल्यामुळे ओतीवपेक्षा चिवट आणि हलकी असते, पण किंमत ऐकून बहुतेक जण मागे फिरतात. मॅग्नेशियमची चाकं शर्यतीच्या गाड्यांना ठीक. धातू फार हलका, घनता १.७४, पण गंजाला नाजूक.

तरीही मन अलॉयवरच असेल, तर कंपनीने दिलेल्याच मापाच्या घ्या. रिमच्या माथी मारला जाणारा बराचसा दोष मुळात टायरच्या उंचीचा असतो. १८५/६५ आर १५ टायरची बाजूची भिंत सुमारे १२० मिलिमीटर असते, तर २०५/५० आर १७ ची जेमतेम १०२. तेवढं रबर कमी झालं की खड्ड्याची कड थेट धातूपर्यंत पोचते. बाहेरून घेत असाल तर रिमवर ओतून उमटवलेली जेडब्ल्यूएल ही अक्षरं (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची खूण) आणि किती भार पेलते तो आकडा बघा. नुसतं स्टिकर असेल तर दुकान बदला. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, नव्या अलॉयवर ते थोडे सैल पडू शकतात.

रोजचं फिरणं शहरात आणि हायवेवर असेल, तर अलॉय घ्या, मी अडवणार नाही. पण आठवड्यातून दोनदा जरी गावरस्त्याला लागणार असाल, तर माझ्या मते मधलं मॉडेल पुरे आहे. वाचलेल्या पैशांत आधी स्टेपनी बघा. बऱ्याच गाड्यांना ती बाकी चार चाकांपेक्षा लहान मापाची देतात. ती बदलून चारांच्याच मापाची स्टीलची रिम आणि टायर घ्या, म्हणजे आडरानात चाक बसलं तरी तेच चढवून त्याच वेगाने घरी येता येईल.