आठ महिने, अकरा प्रयोग: चेटकिणीचा विग घरी भरला, त्याचा अनुभव

एप्रिलमध्ये आमच्या बालनाट्यातल्या चेटकिणीसाठी ऑनलाइन काळा कुरळा विग मागवला. साडेसहाशे रुपये. फोटोत केसांचं रान होतं, पाकिटातून निघालं ते तेल चोपडून बसवलेलं डोकं. मान वाकवली की मागची जाळी दिसायची, आणि चेटकीण तर सगळा वेळ वाकूनच चालते.

आधी मुळाशी उलटा कंगवा मारून स्प्रे मारला. पहिल्या तालमीला झकास. तिसऱ्या तालमीपर्यंत एका बाजूचं घरटं झालं; हे कृत्रिम केस गुंतले की सुटत नाहीत, तुटतात. मग ठाण्यात जांभळी नाक्यावरून गंगावन आणलं, पण त्याची चमक वेगळी, दिव्याखाली लगेच कळायची. शेवटी तोच विग दुसरा मागवला आणि सरळ उसवला.

विग उलटा केला की इलास्टिकवर आडव्या शिवलेल्या केसांच्या झालरी दिसतात. दोन झालरींमधल्या बोटभर जागेत दुसऱ्या विगची उसवलेली झालर बसते. पहिली ओळ मी मांडीवर घेऊन शिवली आणि तिथेच फसले. धागा घट्ट, इलास्टिक ताणायला जागाच नाही. दहा मिनिटांत कानशिलं ठणकायला लागली. सगळं उसवलं. थर्माकोलचं डोकं माझ्या डोक्यापेक्षा लहान, म्हणून त्याला जुना पंचा गुंडाळून घेर बावीस इंच केला, विग त्यावर ताणून बसवला आणि नागमोडी, सैल टाके घातले. दर दोन बोटांवर गाठ, म्हणजे एक टाका तुटला तर अख्खी ओळ सुटत नाही. नवे केस कानाच्या रेषेपासून टाळूच्या जरा खालपर्यंतच भरले. आतले केस वरच्यांना उचलून धरतात. थेट टाळूवर शिवलं की हेल्मेट दिसतं (करून पाहिलंय).

कुरळेपणा जुळवायला स्ट्रेटनर लावू नका. माझी एक बट प्लास्टिकसारखी आकसून चिकटली, वास दोन दिवस घरात होता. पेन्सिलीला गुंडाळून गरम पाण्यात बुडवायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही.

आजवर एकही झालर निघालेली नाही. तक्रारी आहेतच. वजन १४० ग्रॅमवरून २३० वर गेलं, त्यामुळे विग मागे घसरतो. पुढे आतून दोन टिकटॉक क्लिपा शिवल्या तेव्हा थांबला. मे महिन्यात घाणेकर नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहून घामाच्या धारा लागल्या. जुलैत धुतला तर पंख्याखाली दोन दिवस आतून ओलाच, कुबट वास आला. आता पाण्यात शॅम्पूचे चार थेंब, टॉवेलने टिपणं, आणि पावसाळ्यात धुणंच नाही.

पुढची भांगाची बाजू मात्र अजून विरळच आहे. माझी चेटकीण टोपी घालते म्हणून निभावतं. उघड्या डोक्याची भूमिका असेल तर रंगभूषाकाराकडून भाड्याने टोप आणा, तेराशे रुपये आणि चार रात्री वाचतील.