प्लांटेड टँकच्या तळाशी कोण: सकर, क्लाउन लोच की ब्रिसलनोज?

माशांचा टँक चार फुटी (१२० × ४५ × ४५ सेंमी, साधारण २४० लिटर), झाडं रुजलेली, आणि आता तळाला दांडगा मासा हवाय.

साधा सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, सगळ्यात स्वस्त. दोन-तीन इंचांचं पिल्लू काचेवरचं शेवाळ झपाट्याने साफ करतं, त्यावरच ते खपतं. पण हा मासा दीड फुटापर्यंत जातो. मोठेपणी शेवाळ फारसं खात नाही, विष्ठा भरपूर करतो आणि शेपटीच्या फटक्याने नवी रोपं उपटतो. प्लांटेड टँकसाठी घेऊच नका. आणि घरात मावेना म्हणून तळ्यात-धरणात सोडणं तर कधीच नको. उजनीच्या मच्छीमारांना त्याचा त्रास होतोच आहे.

क्लाउन लोच देखणा, बोर्निओ-सुमात्राचा. उपद्रवी गोगलगायी तो फस्त करतो. पण पाच-सहाचा कळप लागतो, प्रत्येक मासा २०-२५ सेंमी होतो आणि वीस वर्षं सहज जगतो. म्हणजे सहा फुटी टँक आणि बारीक वाळू हवीच. पाणी २७-२८ अंश लागतं, त्यात नाजूक झाडं मरगळतात. ॲमेझॉन स्वोर्ड या रुंद पानांच्या पाणवनस्पतीच्या पानांना तो भोकंही पाडतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन लागतो. खवले अगदी बारीक असल्याने औषध निम्म्या मात्रेपासून सुरू करावं. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो, म्हणून पकडायला प्लास्टिकचा डबा वापरा. पोट खपाटीला गेलेला मासा स्वस्तात मिळाला तरी नको.

राहिला ब्रिसलनोज, सकरचाच छोटा भाऊबंद. १२-१५ सेंमीचा, त्यामुळे ‘दांडगा’ म्हणवत नाही, पण २४० लिटरमध्ये शोभतो तो हाच. नर एकच ठेवा, दोन असले तर कपारीवरून भांडतात. ड्रिफ्टवुड (टँकमध्ये ठेवायचं लाकूड) हवंच, तो ते खरवडत राहतो. उपाशी राहिला की मात्र स्वोर्डच्या पानावर बसतो: हिरवा थर जातो, पारदर्शक पडदा आणि शिरा उरतात. पान असं दिसलं की खाणं कमी पडतंय असं समजा. दिवे बंद झाल्यावर, मिनिटभर उकळलेली काकडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडा आणि सकाळी उरलेली काढून टाका, नाहीतर पाणी गढूळ होतं. ॲनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधा. त्यांची जाड पानं तो सहसा सोडून देतो. नवीन स्वोर्ड लावला असेल तर मुळांभोवती गोटे रचा आणि मासा महिनाभराने आणा.