ओटीपी सांगितला आणि कर्ज माझ्या नावावर चढलं

पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी 17 वर्षं काम केलं. जामीनदाराची सही, सात-बारा, हप्त्यांचा तक्ता, सगळे कागद माझ्या नजरेखालून जायचे. तरीही 2024 च्या एप्रिलमध्ये एका ऑनलाइन क्लासच्या फोनवरून 1,80,000 रुपयांचं कर्ज माझ्या नावावर चढलं आणि पासबुक भरून आणेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. लाजेपोटी वर्षभर गप्प बसले. आता लिहितेय, कारण परवा आमच्या पावस गावातल्याच एका मुलीला अगदी तसाच फोन आला.

शाखा बंद झाली तेव्हा मी 43 वर्षांची होते. 2002 ला संख्याशास्त्रात बीएस्सी झालेली. त्या क्लासच्या डेटा सायन्सच्या, म्हणजे आकड्यांवरून अंदाज बांधायला शिकवणाऱ्या कोर्सची माहिती वाचली तेव्हा वाटलं, हे तर आपलंच घर. प्रमाण विचलन, रिग्रेशन, संभाव्यता, हे सगळं मी कॉलेजात आवडीने शिकले होते. या वयात नवं शिकायला निघाले यात माझी काही चूक झाली असं मी आजही मानत नाही.

फोन आला तो ऐन पेट्या भरायच्या दिवसांत. पडवीत हापूस लावत बसले होते, हात पेंढ्यात, फोन पेटीला टेकवून स्पीकरवर ठेवलेला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, तुमचा बँकिंगचा अनुभव आहे, कंपन्या अशीच माणसं शोधतात. नोकरीची शंभर टक्के हमी. फी 1,85,000, पण आज रात्री 12 पर्यंत 5,000 भरा, बाकीचे 7,500 चे 24 हप्ते, एक पैसा व्याज नाही." मग म्हणाली, केवायसीचा ओटीपी आलाय तो सांगा. सांगितला. मग दुसरा, हप्ता आपोआप जावा म्हणून. तोही सांगितला. चष्मा घरात राहिला होता, मेसेज वाचलाच नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "कुणाला आकडे सांगत्येस गं?" मी म्हटलं, फीचं आहे.

त्या मेसेजमध्ये कर्जाचा करार स्वीकारल्याचं लिहिलं होतं. पहिल्या ओटीपीने माझी सही झाली, दुसऱ्याने माझ्या खात्यातून पैसे उचलायचा अधिकार दिला गेला. क्लासचे पैसे एका वित्त कंपनीने त्यांना एकरकमी दिले आणि कंपनीची देणेकरी झाले मी. पुढे शिकवलं काय, न शिकवलं काय, त्यांची वसुली पहिल्याच आठवड्यात झालेली होती. यात बिनव्याजी हप्ता कसला आला? कर्ज देताना कंपनीने मुख्य माहितीपत्रक द्यायचं असतं आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्जातून बाहेर पडता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. माझं माहितीपत्रक ईमेलच्या प्रमोशन्समध्ये पडून होतं. मुदत केव्हाच उलटली होती.

क्लासच्या फी परताव्याची मुदत पैसे भरल्यापासून 7 दिवस. पहिला वर्ग नवव्या दिवशी.

शिकवणी म्हणजे बहुतेक जुनी रेकॉर्डिंग. हमीसाठी 85 टक्के हजेरी लागते हे करारात अकराव्या पानावर होतं. जुलैत आमच्याकडे काय असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. झाड पडलं की लाइट जाते, लाइट गेली की टॉवरची रेंज जाते. माझी हजेरी 78 टक्के भरली. हमी तिथेच रद्द. महावितरणच्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवले, उत्तर नाही.

शेवटचा प्रकल्प होता टायटॅनिक बोटीच्या 891 प्रवाशांच्या यादीचा, कोण वाचेल याचा अंदाज. शिकाऊ माणसाच्या सरावाला ती यादी चांगली, इंटरनेटवर फुकट मिळते. पण आमच्या सगळ्या बॅचने तीच फाइल नाव बदलून जोडली. पुण्याच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी ती उघडली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे बंद केली. थकीत कर्जं कशी ओळखायची हे 17 वर्षांत माझ्या हाडीमाशी मुरलं होतं. त्यावर प्रकल्प कर, असं त्या नऊ महिन्यांत एकानेही सुचवलं नाही. याचं दुःख पैशापेक्षा जास्त आहे.

मग जानेवारीत क्लासचाच फोन आला: तुमच्यासाठी नोकरी आहे. काम काय? चाळिशीपुढच्या बायकांना फोन करून हाच कोर्स विकायचा, पगार 12,000 आणि वर कमिशन. फोन ठेवून मी बराच वेळ ओट्यावर बसून होते. त्या गोड बोलणाऱ्या मुलीलाही असंच तर कामाला लावलं नसेल ना, हा विचार अजून जात नाही.

चिडून मी हप्ता थांबवला. तसं करू नका. वसुलीचे फोन सुरू झाले, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा आकडा, घसरला आणि यांना बागेसाठी कर्ज मिळताना अडचण आली, कारण मी सहकर्जदार. आधी क्लास आणि वित्त कंपनी दोघांना लेखी तक्रार द्या. वित्त कंपनीने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्लाससाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, क्लास बंगळुरूचा असो की दिल्लीचा. क्लासला दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर आयोगाची फी नाही. दावा लावायची मुदत 2 वर्षांची. नोकरीच्या खोट्या हमीच्या जाहिरातींवर नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत, ती अर्जात जोडा.

माझा दावा रत्नागिरीच्या आयोगात आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, हजेरीचा तक्ता आणि फोनवरच्या त्या गोड बोलणाऱ्या मुलीचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप मी दिलेत. ते निरोप मी मोबाइल भरला म्हणून पुसायला निघाले होते, मुलाने अडवलं. त्या गावातल्या मुलीला मी घरी बोलावलं, चष्मा दिला आणि तिला आलेला मेसेज मोठ्याने वाचायला लावला. तिने ओटीपी अजून सांगितलेला नाही.