दमयंतीच्या चित्रावरचा डाग : जुनी प्रिंट्स घेणाऱ्यांनी कृपया वाचा

साताऱ्याला आजीच्या माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, वाडा पाडला तेव्हा ती कुठे गेली ते आजपर्यंत कोणाला सांगता आलेलं नाही, तेव्हापासून माझ्या मनात होतं की स्वतःचं घर झालं की हॉलमध्ये एक तरी खरा जुना ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी दगडावरची रंगीत छपाई) लावायचा. यंदा फ्लॅटचा ताबा मिळाला आणि मी सगळ्यांना सांगून टाकलं की आधी चित्र, मग त्याच्यावरून भिंतीचा रंग, पडदे, सोफ्याचं कापड.

इन्स्टावर जुनी भांडी, कंदील वगैरे विकणारं एक अकाउंट सापडलं. त्याच्याकडे हंस-दमयंती होती, सागवानी फ्रेममध्ये, खाली रविवर्म्याच्या प्रेसचं नाव छापलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या, मधोमध एक घडी आणि उजव्या कोपऱ्यात पाण्याचा चंद्रकोरीसारखा डाग. किंमत २४ हजार. विकणारा अतिशय गोड बोलायचा आणि त्याला सगळा इतिहास तोंडपाठ होता, १८९४ ला मुंबईत प्रेस सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, १९७२ च्या आगीत तिथलं बरंच काही जळालं, "ताई, आता नवीन माल निघणारच नाही, उरलंय तेवढंच, आणि दोन पार्ट्या मागे लागल्यात." मी हे सगळं आधीच वाचलेलं होतं त्यामुळे माणूस जाणकार आहे असं वाटलं. इतिहास शंभर टक्के खरा होता हो, पण त्याचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

१२ हजार आधी भरले, बाकीचे कुरिअर निघताना. चित्र यायच्या आधीच त्याने पाठवलेल्या फोटोवरून पेंटरला शेड दिली, पडदे शिवायला टाकले, सोफ्याचं कापड दमयंतीच्या साडीला जाईल असं बघून घेतलं. सोबत सोनेरी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट आलं, त्यावर ना कोणाचं नाव ना पत्ता. आणि बिलावर काय तर "फोटो फ्रेम, नग १". तेव्हा मी ते धड वाचलंच नाही.

महिन्याभराने काच हलायला लागली म्हणून पेठेतल्या फ्रेमवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मागचे खिळे काढले, चित्र टेबलावर ठेवलं आणि माझं बोट धरून त्या घडीवरून फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही, सपाट गुळगुळीत! घडी कागदाला पडलेलीच नव्हती, ती छापलेली होती. डागही छापलेला. कोणाच्या तरी खऱ्या जुन्या चित्राचा स्कॅन काढून घडी-डागासकट प्रिंट मारलेली. मग काकांनी फ्रेमच्या खाचेत दडलेली कड दाखवली, म्हणाले वर्षानुवर्षं फ्रेममध्ये असलेल्या चित्राची ही पट्टी उजेड न लागल्याने बाकीच्या कागदापेक्षा वेगळी दिसते, इथे सगळा कागद सारखाच तपकिरी, म्हणजे रंगवलेला. भिंगातून पाहिलं तर फवारा मारल्यासारखे बारीक ठिपके, सगळीकडे तसेच. खऱ्या ओलिओग्राफला एकेका रंगाच्या छपाईला वेगळा दगड असायचा, ठिपके कारागिराने हाताने दिलेले, त्यामुळे ते कमी-जास्त, वेडेवाकडे दिसतात. फ्रेम मात्र खरी जुनी होती, आणि सगळे त्या फ्रेमलाच भुलतात असं काका म्हणाले. दुकानात मला रडूच आलं. पैशाचं दुःख होतंच, पण महिनाभर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून मी आजीची आठवण काढत होते ते जास्त लागलं.

विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणे मी फ्रेम विकली, बिल बघा, आणि ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीये, तिथेही पहिला प्रश्न बिलावर काय लिहिलंय हाच. सुदैवाने "ओरिजिनल जुनी छपाई" असं त्याने चॅटमध्ये लिहिलेलं होतं आणि ब्लॉक व्हायच्या आधी मी स्क्रीनशॉट काढले होते, सध्या तेवढाच आधार आहे.

रविवर्म्याची नवीन प्रिंट छापून विकण्यात काहीच गैर नाही, ते जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, कोणीही छापू शकतं, नवीन म्हणून विका, मी आनंदाने घेईन. पण जुनं म्हणून घेत असाल तर पैसे देण्याआधी फ्रेम उघडून व्हिडिओ मागा, त्यात कागदाची मागची बाजू आणि खाचेतली कड दिसली पाहिजे, तिरप्या उजेडात घडीची सावली पडते का बघा, आणि बिलावर "जुना ओलिओग्राफ" आणि अंदाजे काळ लिहूनच घ्या. नाजूक आहे, उघडता येणार नाही म्हणाला तर सोडून द्या. आणि मिळेपर्यंत भिंतीला रंग देऊ नका.

परवा मैत्रिणीने दुसऱ्याच नावाच्या एका अकाउंटची लिंक पाठवली. फ्रेम वेगळी, किंमत २८ हजार, दमयंती तीच, आणि उजव्या कोपऱ्यात तीच चंद्रकोर. तुम्हाला कुठेही ती दिसली तर घेऊ नका, आणि घेतली असेल तर मला प्लीज मेसेज करा, दोघी-तिघी मिळून तक्रार केली तर जास्त जोर येईल.