गोव्यात, डिसेंबरात, द्राक्षं तुडवायला

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. घरची चार एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी, घड निघणं, डाऊनी-भुरीसारखे रोग, अवकाळीची धास्ती हे सगळं ऐकतच मोठी झाले. डिसेंबरात आमच्या बागेत मणी हिरवेगार आणि कडक असतात, एखादा चावला तर दात आंबतात. काढणी फेब्रुवारी-मार्चात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणारच की बाई, तुला एवढंही कळलं नाही?

नाही कळलं. आणि मी नोकरी कुठे करते, तर बँकेत. काउंटरवर बसून लोकांना ओटीपी सांगू नका म्हणून रोज बजावते. माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही. मी माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत, १ लाख १५ हजार रुपये पाठवले.

लग्न नोव्हेंबरअखेर होतं. आम्हा दोघांनाही खाण्याचं वेड, म्हणून ठरवलं की चार दिवस बीचवर लोळून परत यायचं नाही. वीस रात्री गोव्यात राहायचं, मुक्काम आसगावला, तिथून रोज कुठेतरी खायला जायचं. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं, ‘फूड अँड वाईन हनिमून’ असं काहीसं. निळ्या खिडक्यांचा जुना पोर्तुगीज धाटणीचा बंगला, अंगणात फणस, टेबलावर वाईनचे ग्लास. मेसेज केला तर पाच मिनिटांत फोन आला. माणूस मराठी बोलणारा, आवाज मऊ. आधी मॅडम, दुसऱ्या दिवसापासून ताई.

तो कसा बोलायचा ते नीट सांगायला हवं, कारण खरी फसवणूक तिथेच झाली. त्याने पैशांचा विषय चार दिवस काढलाच नाही. पोर्क चालतं का विचारलं. शिंपल्यांची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का विचारलं. मी म्हटलं, आमच्यात गुरुवारी मांसमच्छी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा प्लॅन हजर, आणि तिन्ही गुरुवारी शाकाहारी जेवण: तेफळं घातलेलं खतखतं, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, किती बारकाईने करतोय. माझ्या सासरच्यांनीही माझे गुरुवार तोवर विचारले नव्हते!

चौदा पानांची पीडीएफ होती ती. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली पायी खाद्यभ्रमंती, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फेरीने दिवाडी बेट, फोंड्याकडची मसाल्याची बाग. हे सगळं खरंच आहे तिथे. काजू फेणीला २००९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेही अचूक लिहिलं होतं. आणि या खऱ्याच्या मध्ये दोन ओळी पेरलेल्या. १२ डिसेंबर: काजूच्या भट्टीवर ताजा उर्राक, म्हणजे बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू. १७ डिसेंबर: गोव्यातल्या द्राक्षमळ्यात द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम, सोबत वाईन.

द्राक्षं तुडवण्याच्या ओळीवर मी चक्क बदामाचा इमोजी पाठवला होता.

मग पैसे. एकूण १ लाख ८५ हजार. नाताळाच्या आठवड्याचे भाव उद्यापासून वाढतायत म्हणून आधी ६० हजार. नंतर ४० हजार. निघायच्या तीन दिवस आधी १५ हजार डिपॉझिट, परत मिळणारं. तिन्ही वेळा वेगळा यूपीआय आयडी आणि तिन्ही वेळा स्क्रीनवर कुठल्यातरी व्यक्तीचं नाव, कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणाला, कंपनीचं करंट खातं अपग्रेड होतंय, हे आमच्या अकाउंटंटचं. बँकेतल्या बाईला हे उत्तर पटलं. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, त्याची सुरुवात ०९ ने. गोव्यातल्या नोंदणीचा क्रमांक ३० ने सुरू होतो, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. तो आकडा जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकायला अर्धा मिनिट लागतो. नंतर टाकला, तर निघालं बांधकाम साहित्याचं दुकान.

आम्ही सांगलीहून आमच्याच गाडीने निघालो. बेळगाव, चोर्ला घाट, साखळी, डिचोली. डिचोलीला माझी आत्या असते, लग्न होऊन तिला तिथे तीस वर्षं झाली. नव्या जावयाला घेऊन तिचा उंबरठा न ओलांडता पुढे जाणं शक्यच नव्हतं. चहा झाला, मी कौतुकाने मोबाइल तिच्या हातात दिला. ती चष्मा लावून वाचत गेली. खतखत्याला मान हलवली. मग थांबली आणि हसायला लागली.

“अगो बाय, डिसेंबरात कसला उर्राक? काजूला आता कुठे मोहोर येईल. बोंडू पिकणार शिमग्याच्या आसपास, तेव्हा भट्ट्या लागतात. माडाची फेणी म्हणाला असता तर समजले असते.”

मी म्हटलं, टुरिस्ट लोकांसाठी काहीतरी दाखवत असतील. ती पुढे वाचायला लागली. या वेळी हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “गोव्यात वाईनची द्राक्षं? तू तासगावची ना?”

त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो. आमच्याच बागेतले कडक हिरवे मणी डोळ्यांसमोर आले. पावसात चार महिने भिजणारा तो मुलूख, तिथल्या दमट हवेत द्राक्षाचं काय होईल हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिथली गोड पोर्ट वाईन प्यालेली होते, पण द्राक्षमळा? आणि असला तरी डिसेंबरात तुडवायला आंबट गोळ्या? अख्खी पीडीएफ मी तीनदा वाचली होती, पण वाचली ती नवरीच्या डोळ्यांनी. बागायतदाराच्या मुलीच्या डोळ्यांनी एकदाही नाही.

त्याला फोन लावला. आधी बिझी, मग बंद. तरी आसगावला गेलोच, वेडी आशा. बंगला खरा होता, निळ्या खिडक्या खऱ्या, फणसही खरा. वॉचमन म्हणाला, या महिन्यात तुम्ही तिसरे. मालकीणबाई बंगला कुणाला भाड्याने देतच नाहीत. फोटो कुणीतरी फाटकाबाहेरून काढलेले, आतले भलत्याच घराचे. एक व्हिडिओ कॉल करून “जरा अंगणातला फणस दाखवा” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याने पाठवलेल्या पर्यटन खात्याच्या नोंदणीपत्रावर पत्ता मडगावचा, बंगला आसगावात. गोव्यात १९८२ च्या कायद्याप्रमाणे हॉटेल, होमस्टे, टूरवाले सगळ्यांनाच खात्याकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे खात्याच्या कार्यालयात फोन करून तो क्रमांक विचारता आला असता. आम्ही त्यावरचा शिक्का बघून समाधान मानलं.

गाडीत बसूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, ते सगळं विचारतात. पहिल्या दोन रकमा कधीच पुढे सरकल्या होत्या. शेवटच्या १५ हजारांपैकी ११,४०० एका खात्यात अडकवता आले. ते अजून हातात आलेले नाहीत. खरं तर डिपॉझिट मागितलं त्याच दिवशी मला शंका आली होती. तेव्हाच फोन केला असता तर निदान शेवटची रक्कम तरी पूर्ण वाचली असती. लाज वाटेल म्हणून गप्प बसू नका, तिथे प्रत्येक तास महागात पडतो.

आणखी एक. तक्रारीनंतर आठवड्याभरात एकाचा फोन आला, म्हणे तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ४,९९९ फी भरा. माझी तक्रार, रक्कम, सगळं त्याला पाठ. हाही त्याच जातकुळीतला. नवऱ्याने त्याला शुद्ध सांगलीच्या भाषेत उत्तर दिलं, ते इथे लिहिता येत नाही.

वीस रात्रींच्या नऊ झाल्या, त्याही आत्याच्या घरी. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की नवरा अनवाणी धावायचा, पोयी (तिथले पाव) संपतील म्हणून. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चोरीस या गोवन सॉसेजच्या माळा, खारवलेली सुकी मासळी, भलीमोठी केळी, सगळं आत्याच्या मागे मागे फिरून घेतलं. शागुतीला खोबरं किती काळं भाजायचं यावर तिचं आणि शेजारणीचं भांडणही ऐकलं. गुरुवारी तिने खतखतं केलं. मला घास गिळेना. तिला वाटलं तेफळं जास्त झाली.

बाबांना दोनेक महिने काही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत काढणीला माहेरी गेले तेव्हा सांगितलं. ते बराच वेळ क्रेट भरत राहिले, मग म्हणाले, “एवढं तुडवायचंच होतं तर इकडं यायचं.”

परवा मैत्रिणीने एक लिंक पाठवली, जाऊ का म्हणून विचारायला. पेजचं नाव नवं, निळ्या खिडक्या त्याच. या वेळी ‘मान्सून फूड अँड वाईन’. १० जुलै: ट्रॉलरवर बसून खोल समुद्रात, तुमच्या डोळ्यांसमोर पकडलेला ताजा इसवण, म्हणजे सुरमई. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. तिला तेवढंच कळवलं, आणि तो नंबर १९३० ला.