ताजं, टिकाऊ की पावडर? घरच्या दुधाचा हिशेब

महिन्याच्या हिशेबात दुधाचा आकडा एकरकमी येतो, आणि म्हणूनच तो फसवा असतो. वीजबिल वाढलं की आपण दिवे मोजतो. दुधाचं बिल वाढलं की "मुलं वाढत्या वयाची आहेत" म्हणून सोडून देतो. आम्हीही तेच करायचो. मग एकदा फ्रिजच्या दारावर कागद चिकटवला आणि सात दिवस दूध नेमकं कुठे जातं ते लिहून काढलं. माणसं पाच, रोजचं दूध २ लिटर, म्हणजे आठवड्याला १४. त्यातलं प्यायला साडेचार लिटर गेलं, चहा-कॉफीला ५, दह्याला ३, स्वयंपाकाला अर्धा. उरलेलं १ लिटर मोरीत गेलं. थोडं उतू गेलं, थोडं नासलं, थोडं पोराने पेल्यात तसंच ठेवलं.

तोवर आम्ही घरासाठी एकच स्वस्त दूध शोधत होतो. कागदावरून कळलं की कामं चार आहेत आणि चारही कामांना सारखं दूध लागत नाही. पुढची सगळी तुलना याच नजरेने केली आहे. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते जागेगणिक बदलतात. भागाकार कसा करायचा तेवढं सांगतो, आकडे तुम्ही तुमचे घाला.

सायीचं की कमी फॅटचं?

बहुतेक घरांत खरी बचत इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू.

कमी फॅटच्या दुधातून फक्त स्निग्धांश काढलेला असतो. प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास जागच्या जागी राहतात. गायीच्या दुधात १०० मिलीमागे साधारण ३.३ ग्रॅम प्रथिनं आणि १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, साय काढली तरी तेवढंच. जातं ते फॅट आणि फॅटमध्ये विरघळणारी अ आणि ड जीवनसत्त्वं. बऱ्याच ठिकाणी ती नंतर वरून घालतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

आता भागाकार. समजा एका दुधात ६ टक्के फॅट आहे आणि दुसऱ्यात ३. ढोबळमानाने लिटरमागे ६० ग्रॅम आणि ३० ग्रॅम, म्हणजे फरक ३० ग्रॅमचा. लोण्यात साधारण ८० टक्के फॅट असतं, म्हणजे हा फरक ३७-३८ ग्रॅम लोण्याएवढा झाला. दोन दुधांच्या भावातला फरक एवढ्या लोण्याच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर सायीच्या दुधात तुम्ही चवीचे पैसे देताय. कमी असेल, तर सायीच्या दुधातलं फॅट तुम्हाला स्वस्तात मिळतंय, आणि साय साठवून घरी लोणी काढणं परवडू शकतं.

"परवडू शकतं" म्हणतोय, कारण घरी सगळं फॅट सायीत येत नाही, थोडं दुधात राहतंच. शिवाय पाकिटावर "होमोजिनाइज्ड" लिहिलं असेल तर लोण्याचा नाद सोडा. त्या दुधातले फॅटचे कण दाबाखाली इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जमतच नाहीत. आम्ही आठ दिवस अशा दुधावर जाड साय धरायची वाट बघितली आणि शेवटी पाकीट वाचलं.

आणखी एक सवय घरोघरी दिसते: दाट दूध घ्यायचं आणि त्यात पाणी घालून पुरवायचं. कमी फॅटचं दूध घेण्यापेक्षा हे वाईट. लिटरात पाव लिटर पाणी घातलं की फॅट, प्रथिनं, कॅल्शियम सगळंच पाचव्या हिश्श्याने उतरतं. कमी फॅटच्या दुधात उतरतं ते फॅटच. चहात पाणी असतंच, तिथे काय करायचं ते करा; मुलाच्या पेल्यात नको.

आमच्याकडे चहा-कॉफी आणि दही मिळून आठवड्याला ८ लिटर लागतात. ते सगळं आम्ही कमी फॅटवर नेलं आणि पंधरा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. दही थोडं पातळ लागायला लागलं, तर विरजण लावण्याआधी लिटरभर दुधात दोन-तीन चमचे दूध पावडर मिसळली. दही पुन्हा सुरीने कापावं असं झालं.

रतीब की पाकीट?

घरी येणाऱ्या सुट्या दुधात हेलपाटा वाचतो आणि माणूस ओळखीचा असतो. पाकिटावर फॅटचा आकडा आणि तारीख असते. माझा कल पाकिटाकडे आहे, आणि त्याला कारण आहे.

सुटं दूध मोजायला लोक लॅक्टोमीटर आणतात आणि निर्धास्त होतात. पण ते उपकरण फक्त घनता बघतं. पाणी घातलं की घनता उतरते, साय काढली की चढते, कारण फॅट पाण्यापेक्षा हलकं असतं. आधी साय काढून मग बेताने पाणी घातलं तर काटा जिथल्या तिथे येतो. आमच्या जुन्या रतिबाच्या दुधाने कित्येक महिने ही परीक्षा पहिल्या वर्गात पास केली. साय मात्र कागदासारखी यायची.

दुसरी गोष्ट मापाची. लिटरभर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो असतं. म्हणजे किलोने विकलेलं दूध लिटरपेक्षा तीनेक टक्के कमी भरतं. फार नाही, पण दोन ठिकाणचे भाव ताडताना माप एक आहे ना ते बघावं.

सुटं कच्चं दूध उकळावंच लागतं, तिथे इंधन वाचवायला जाऊ नये. पाश्चराइज्ड दूध मात्र ७२ अंशांना १५ सेकंद तापवून थंड केलेलं असतं. ते वाटेत आणि घरी थंडच राहिलं असेल तर पुन्हा उकळायची गरज नसते. रोज दोनदा उकळण्यात गॅस जातो, भांड्याला खरवड धरते, आणि फोन वाजला की दूध उतू जातं ते वेगळंच. आजींना हे पटलेलं नाही. त्यांचं त्या उकळून घेतात.

टेट्रा पॅकचं टिकाऊ दूध

हे १३५ अंशांच्या पुढे काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, त्यामुळे न उघडता ते फ्रिजबाहेर महिनोन् महिने राहतं. लिटरमागे बहुधा ताज्यापेक्षा महाग पडतं, आणि पहिल्या नजरेत उधळपट्टी वाटते.

पण ज्या घरात एक-दोन माणसं आहेत, किंवा आठवड्यात तीन दिवस कुणी घरी नसतं, तिथे गणित उलटतं. ताज्या दुधातलं दर पाच लिटरांमागे एक लिटर नासत असेल, तर उरलेल्या चार लिटरांना तुम्ही पाचाचे पैसे दिलेत. म्हणजे प्यायलेलं दूध पंचवीस टक्के महाग झालं. टिकाऊ दूध ताज्यापेक्षा एवढं महाग नसेल तर तेच स्वस्त. अट एकच: खोकं उघडलं की ते ताज्या दुधासारखंच, फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं. म्हणून लहान घराने लहान खोकं घ्यावं, मोठ्या खोक्यावरच्या सवलतीला भुलू नये. चव किंचित शिजल्यासारखी असते आणि दही जरा सैल लागतं. आमच्यासारख्या पाच माणसांच्या घरात याचं काम एवढंच: दोन खोकी कपाटात, दूध आलंच नाही त्या दिवसासाठी.

पावडर

दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. ते काढलं की उरते ती पावडर, म्हणून ती घेताना आपण पाणी वाहून आणत नाही. हिशेब सोपा: साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचे साधारण १०० ग्रॅम लिटरभर दुधाला लागतात, सायीच्या दुधाच्या पावडरीचे १२५ च्या आसपास. तेव्हा पहिल्या पावडरीच्या किलोच्या भावाला १० ने भागा आणि दुसरीच्या भावाला ८ ने. जो आकडा येईल तो ताज्या दुधाच्या लिटरच्या भावाशेजारी ठेवा. काही ठिकाणी पावडर सरळ जिंकते, काही ठिकाणी हरते. हा भागाकार केल्याशिवाय "पावडर स्वस्त पडते" म्हणण्यात अर्थ नाही.

घरात ती महाग होते चमच्यामुळे. आम्ही सुरुवातीला चमच्याने अंदाजे घालत होतो. एकदा वजनकाट्यावर धरलं तर आमचा "एक चमचा" शिगोशीग निघाला, हवी त्याच्या जवळजवळ दीडपट पावडर. सगळी बचत त्या शिगेत जात होती. आता १०० ग्रॅमला एका वाटीवर खूण केली आहे. पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं पाणी घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. ताजं कालवलेलं आणि रात्रभर मुरलेलं, चवीत चांगलाच फरक पडतो. पाणी अर्थात पिण्याचंच हवं.

नुसतं पिण्यासाठी पावडरीचं दूध आमच्या घरात चाललं नाही. आजींनी पहिल्याच घोटाला पेला खाली ठेवला. ताज्या दुधात निम्मं मिसळलं तर चहात आणि स्वयंपाकात खपतं. उघडलेलं पाकीट दमट हवेत दगड होतं, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा.

एक खबरदारी: चहासाठी म्हणून मिळणारी प्रत्येक पांढरी पूड म्हणजे दूध पावडर नव्हे. कुठे साखर मिसळलेली असते, कुठे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल. घटकांची यादी उलटून बघावी.

ओट, बदाम, सोयाचं पेय बचतीसाठी घेऊ नका. सोया सोडलं तर प्रथिनांत ती दुधाच्या जवळही येत नाहीत, आणि भावात सहसा वरचढच असतात. दूध सोसत नसेल तर गोष्ट वेगळी.

मोरीतलं दूध

आमच्या कागदावरचं ते १ लिटर म्हणजे आठवड्याच्या दुधाचे सात टक्के. दुधाचा प्रकार न बदलता एवढं हाती लागत होतं.

पहिली चूक फ्रिजच्या दारातली. दूध ठेवायची सोय दारात केलेली असते आणि तीच सगळ्यात गरम जागा. दर वेळी दार उघडलं की तिथे हवा लागते. दूध आत, मागच्या बाजूला, ४ अंशांच्या आसपास राहील असं ठेवलं आणि नासणं जवळपास थांबलं. दुसरी चूक जुन्या दुधावर नवं ओतण्याची. कालचं उरलेलं वेगळ्या भांड्यात ठेवून आधी संपवायचं.

तारीख जवळ आली आणि दूध अजून चांगलं असलं तर लगेच विरजण लावतो. लिटरभर दुधाचं जवळपास लिटरभरच दही होतं, तेव्हा विकतच्या दह्याचा भाव दुधाच्या भावाशेजारी ठेवून बघा. आमच्या तुलनेत सगळ्यात मोठी तफावत इथेच निघाली. मात्र दूध बिघडलंय अशी शंका आली तर त्याचं दही लावायचं नाही. फ्रीझरमध्येही दूध राहतं, फक्त ते फुगतं म्हणून डब्यात दहावा हिस्सा जागा सोडायची. वितळवायचं ते फ्रिजमध्येच. मग फॅट वेगळं दिसतं, ढवळून चहाला वापरावं.

हात आखडायचा नाही तिथे

दोन वर्षांखालच्या मुलाचं दूध, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, कमी फॅटवर नेऊ नये. तान्ह्या बाळाच्या डब्याच्या दुधात ठरल्यापेक्षा जास्त पाणी घालून ते पुरवणं धोक्याचं आहे, आणि साधी दूध पावडर त्याला पर्याय नाही. खाणं कमी झालेल्या वयस्कर माणसाची साय काढून घेण्यातही शहाणपण नाही.

तेव्हा आमच्याकडे आता अशी वाटणी आहे: रोज पाऊण लिटर सायीचं, मुलांना आणि आजींना प्यायला. सव्वा लिटरच्या आत कमी फॅटचं, चहा-कॉफी आणि दह्याला. पावडरीचा एक डबा, टिकाऊची दोन खोकी. पूर्वी २ लिटर यायचं, आता त्याहून थोडं कमी येतं आणि तरी पुरतं. आजींचं पातेलं वेगळं आहे, लहान, पितळी झाकणाचं. ते त्या स्वतः उकळतात, शेजारी उभ्या राहून, आणि त्यातलं एक थेंबही उतू गेल्याची नोंद त्या कागदावर अजून झालेली नाही.